वर राहिलेला आवाज

इंग्रजी शिकवून माणूस थकतो यावर कुणाचा विश्वास बसत नाही. नांगर धरला नाही, पोतं उचललं नाही, मग थकायला झालं काय, असं आमच्या घरचेच विचारत. त्यांना काय सांगणार, कपाळ? मेहकरला मी इंग्रजीचा मास्तर होतो ती सगळी वर्षं घसाही झिजला आणि जीवही झिजला. त्यातलं निम्मं ओझं शाळेतलं नव्हतंच. ते माझ्या ओट्यावर येऊन बसायचं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि वरून येणारे कागद बहुतेक इंग्रजीत. कोर्टाची नोटीस, औषधाची बाटली, बियाण्याच्या पुडीवरचा मजकूर, काहीही असो, "मास्तराकडं ने," म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. बाजाराच्या दिवशी शाळा सुटून मी घरी पोचायच्या आत चार माणसं ओट्यावर टेकलेली असत. कुणी वांगी ठेवून जाई, कुणी सांभाराची जुडी. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. पुण्याच्या माणसाला हे सांगितलं की तो गालातल्या गालात हसतो. हसू दे बापडा.

नुसता अर्थ सांगून भागलं असतं तर मी एवढा वैतागलो नसतो. पण लोकांना कागद आधी इंग्रजीत ऐकायचा असे. आमच्या भागात श्रावणात पोथी लागते आणि वाचून पुरी झाली की ती उतरवली म्हणतात. वाचणारा आधी ओवी म्हणतो, मग अर्थ सांगतो, आणि ऐकणाऱ्यांतला एक जण मध्येमध्ये "हाव, हाव" असा हुंकार भरतो. ओवी न म्हणता कुणी एकदम अर्थाला हात घातला तर लोक त्याला उठवून देतील. तीच रीत त्यांनी माझ्या कागदांना लावली. "आधी साहेबाच्या भाषेत वाचजा मास्तर, मंग आमच्या भाषेत." मग मी औषधाची बाटलीसुद्धा पोथीसारखी वाचायचो आणि समोरचा म्हातारा डोळे मिटून हुंकार भरायचा. सुरुवातीला गंमत वाटली. नंतर अंगावर येऊ लागलं.

त्यात दोष माझाही होता. मला माझ्या इंग्रजी वाचण्याचा गर्व होता. जबलपूरला ट्रेनिंगला असताना आम्हाला एक गोरा प्रोफेसर होता, बारीक, सतत खोकणारा. तो फळ्यावर वाक्य लिहायचाच नाही. दोन आडव्या रेघा मारायचा आणि त्यांच्यामध्ये ठिपके काढायचा. आवाज उंच असेल तिथं ठिपका वरच्या रेघेजवळ, उतरला की खालच्या रेघेजवळ, आणि शेवटच्या ठिपक्याला वर किंवा खाली वळलेली शेपटी. बेडकाची पिल्लं पोहताना दिसतात तसा फळा दिसायचा. मग आम्ही तोंड मिटून नुसती ती चाल गुणगुणायची. शब्द नाही, फक्त चढउतार. पंचवीस मोठे बाप्ये तोंड मिटून हूं हूं करताहेत, बाहेरून जाणारे शिपाई हसायचे.

तो सांगायचा, इंग्रजीत आवाज खाली आला की बोलणं संपलं, आणि वर राहिला की अजून काही बाकी आहे. माझ्यावर त्याचा विशेष राग. "तुम्ही वऱ्हाडातली माणसं वाक्य खुंटीला टांगता," तो म्हणायचा, "खाली ठेवत नाही." खरंच होतं ते. आमचं साधं "हाव" घ्या. होकारच असतो, पण शेवटी आवाज असा वर जातो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा काहीतरी विचारतोच आहे. माझं "येस" तसंच जायचं. ते खाली आणायला मला सहा महिने लागले. एकदा आलं आणि मग मी ते जपलं, सोनाराकडून घडवून आणल्यासारखं.

बाजाराला जानेफळहून एक माळीण यायची. पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी. भाजी संपली की उरलेला सांभार माझ्या बायकोला देऊन परतीच्या बैलबंडीत बसायची. मी तिला माय म्हणायचो. दुसरी मोठी लढाई पेटून वर्ष झालं तेव्हा तिचा एकुलता एक मुलगा मोटार चालवायला पलटणीत भरती झाला. जाण्याआधी ती त्याला माझ्याकडे घेऊन आली. नवंकोरं लग्न झालेला पोरगा, हसऱ्या तोंडाचा. "ह्याले दोन शब्द शिकवा मास्तर. तिथं सायब काही म्हणन आन हा नुसता पाहात राहीन."

मी त्याला "येस सर" शिकवलं. तो म्हणाला आणि अर्थातच शेवट वर गेला. "अरे खाली आण! असं वर नेलंस तर साहेबाला वाटेल तू उलट विचारतोस." त्यानं पुन्हा म्हटलं, पुन्हा वर. दहा वेळा म्हटलं, दहा वेळा वर. शेवटी मीच हसत हात टेकले. गल्लीतून जाताना तो मोठ्यानं "येस सर, येस सर" घोकत गेला आणि प्रत्येक वेळी ते आमच्या "हाव"सारखंच वर जात होतं.

दीडएक वर्षानं तार आली.

तार जानेफळला पोचली होती. तिथल्या पटवाऱ्यानं ती उलटीपालटी केली आणि म्हणाला, मला नीट लागत नाही, मेहकरच्या मास्तराकडं ने. त्याला बरोबर लागली असणार. पण कोण अंगावर घेतो? माळीण दोन दिवस तार पदरात बांधून बसली आणि बाजाराच्या दिवशी भाजीच्या टोपलीसकट माझ्या ओट्यावर आली.

मी तेव्हाच शाळेतून आलो होतो. डोकं ठणकत होतं, साठ वह्या तपासायच्या होत्या आणि ओट्यावर आधीच तिघं होते. तिनं कागद पुढं केला. मी नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, आधी न बघता. हा माझा गाढवपणा. "रिग्रेट टू इन्फॉर्म यू" म्हणेपर्यंत मला कळलंच नाही काय वाचतोय. पुढं तिच्या मुलाचं नाव, नंबर, मग "रिपोर्टेड मिसिंग", म्हणजे बेपत्ता. आणि त्याच्या पुढं दोन शब्द होते, "बिलीव्ह्ड किल्ड". मारला गेला असावा.

"मिसिंग"वर माझा आवाज वर गेला, कारण वाक्य पुढं होतं. आणि मी तिथंच थांबलो.

मी कागद घडी करून तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "माय, तुझा मुलगा सध्या सापडत नाही. लढाईच्या गडबडीत पलटणीपासून सुटला आहे. शोध चालू आहे."

"हाव," ती म्हणाली. वर गेलेलं, नेहमीसारखं. मग माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी पुढच्या माणसाचा कागद घेतला.

पुढं कित्येकांनी मला सांगितलं असतं की मास्तर, तुमचं मन मोठं, तुम्ही त्या बाईचं दुःख लांबवलं. म्हणून आधीच सांगून टाकतो. दयाबिया काही नव्हती. मी थकलो होतो. मला माझ्या ओट्यावर त्या दिवशी रडारड नको होती. भर बाजारात बाई आडवी पडणार, माणसं गोळा होणार, तिला जानेफळला पोचवायला बंडी बघावी लागणार, आणि साठ वह्या तशाच राहणार. एवढंच डोक्यात होतं. पुढच्या बाजारी सांगू, असं मी स्वतःला समजावलं.

पुढच्या बाजारी ती आली. भाजी विकून झाल्यावर ओट्यावर बसली, चंचीतून तार काढली, उलगडली आणि माझ्यापुढं ठेवली. मी म्हणालो, "नाही माय, अजून काही कळलं नाही." तिनं कागद घडी केला, चंचीत ठेवला आणि गेली.

त्याच्या पुढच्या बाजारी तेच. आणि त्याच्या पुढच्या. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर सांगता आलं असतं. तीन महिने झाल्यावर कोणत्या तोंडानं सांगायचं? "तेव्हाच का नाही सांगितलं" असं तिनं विचारलं असतं. मग मी मनाची समजूत काढायला लागलो. "असावा" म्हटलंय ना, नक्की कुठं म्हटलंय? सिंगापूरकडचे लोक पकडले गेलेत म्हणतात, त्यांची नावं लागायला वर्षं जातात. असं म्हणता म्हणता मलाच कधी कधी खरं वाटायचं.

खरं म्हणजे मी तिला टाळायला बघत होतो. बाजाराच्या दिवशी शाळेत उगाच थांबायचो. पैनगंगेच्या काठानं लांबून घरी यायचो. पण ती उठून जात नसे. परतीची बंडी चुकली तर दुसरी बघे, पण कागद माझ्यापुढं उलगडल्याशिवाय हलत नसे. कागदाच्या घड्या फाटायला आल्या होत्या. तिनं मागं खळीनं कापडाची पट्टी चिकटवली. वर्तमानपत्रातलं मरण मी रोज वाचत होतो, त्याचं काही वाटायचं नाही. पण त्या पट्टीकडं बघवत नव्हतं.

बायको एकदा चिडून म्हणाली, "काऊन हिंडवता तिले? काय ते एकदा सांगून टाका नं!" मी तिच्यावर खेकसलो. मीही तुझ्यासारखा रोज चुलीपुढं बसलो असतो तर फार हुशार झालो असतो, असं काहीतरी बोललो. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. बरोबर केलं.

शाळेत मात्र मी पोरांना तेच शिकवत होतो. फळ्यावर दोन रेघा, मध्ये ठिपके, शेवटच्या ठिपक्याला खाली शेपटी. "आवाज खाली आणा. ऐकणाऱ्याला कळू द्या की संपलं." पोरं तोंड मिटून हूं हूं करायची आणि मी खिडकीबाहेर बघायचो. एका वर्षी मी तो धडाच गाळला. विचारलं कुणी नाही.

लढाई संपली. डोणगावचा एक जण जपान्यांच्या कैदेतून सुटून आला. नुसती हाडं राहिली होती, पण आला. त्या बाजारी माळीण आली तेव्हा तिच्याकडं बघायचीही माझी हिंमत नव्हती. मला वाटलं, आता ही विचारणार, तो आला तर माहा काऊन नाई आला. तिनं नुसता कागद उलगडला. मी म्हणालो, "अजून काही नाही." तिनं घडी घातली. सरकारचा दुसरा कागद तिच्यापर्यंत आला नाही. धामधुमीत कुठं अडकला कोण जाणे. मी चौकशीचं पत्र लिहू शकलो असतो. माझ्याइतकं चांगलं इंग्रजी त्या तालुक्यात कुणाला येत होतं? नाही लिहिलं. उत्तर आलं असतं तर वाचावं लागलं असतं.

मग माझी बदली झाली. मलकापूरला. मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटावी. चार दिवसांत सामान बांधलं. बाजाराच्या आदल्या दिवशी निघायचं मी मुद्दाम ठरवलं होतं, हे कुणाला सांगितलं नाही, पण बायकोला कळलं असणार.

निघायच्या सकाळी बंडीत ट्रंका चढत होत्या आणि माळीण आली. टोपली नव्हती. बरोबर तिची सून होती. त्या मुलीला मी पहिल्यांदाच पाहिलं. वीस-बावीसची असेल. कपाळावर कुंकू ठसठशीत. ती ओट्याखालीच उभी राहिली, डोक्यावरचा पदर सावरत.

माळीण ओट्यावर बसली. चंचीतून तार काढली, माझ्यापुढं उलगडली.

मी सवयीनं म्हणालो, "नाही माय, अजून काही..."

"मी तुमाले नवं काही इचारत नाई मास्तर," ती म्हणाली. "बाकीचं वाचजा."

"कुठलं बाकीचं?"

"ह्यातलंच. तुमी पुरं वाचलं नोतं. तुमचा आवाज वर राह्यला व्हता."

मी ट्रंकेवर बसलो.

"पोथी आयकत आयकत म्हातारी झाली मी," ती म्हणाली. "अध्याय सरला का आवाज खाली बसते. तुमी दरवेळी कागद वाचून खालीच आणता, बाटलीवरचाबी आणता. त्या दिवशी नाई आणला. मले तवाच समजलं का पुढं काही हाये, आन वंगाळ हाये."

"मग दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं माय! तहसिलात लोक होते, डॉक्टर होता..."

"ज्यानं पोथी लावली त्यानंच उतरवावी. आमची रीत हाये तशी. अर्ध्यातून दुसरा बसत नाई. आन खरं सांगू का? मलेबी आयकाचं नोतं. मी कागद ठेवो, तुमी नाई म्हणा, मले अजून एक बाजार भेटे. तुमी भ्याले, मीबी भ्याली. पण आता तुमी चालले. आन हिचं..." तिनं सुनेकडं हात केला. "डोणगावच्या एका बिजवराकडून हिच्यासाठी पाटाचं इचारून राह्यले. दुसऱ्या डाव इचारलं त्याहिनं. चांगला माणूस हाये. मी काय सांगू त्याहिले? नवरा हाये म्हणू का नाई म्हणू? थे बी कुंकू लावून वाट पाहून राह्यली. मास्तर, पोथी अर्धी टाकून जाऊ नका बाबू. उतरवा."

इतक्या वर्षांत तिनं मला बाबू कधी म्हटलं नव्हतं.

मी कागद हातात घेतला. पट्टी लावलेल्या घड्यांतून अक्षरं पुसट झाली होती, पण मला पाठच होता. मी सुरुवातीपासून वाचलं, रीतीप्रमाणे, आधी इंग्रजीत. "मिसिंग"वर आवाज वर गेला, आणि या वेळी मी थांबलो नाही. "बिलीव्ह्ड" म्हटलं. "किल्ड" म्हटलं. जबलपूरच्या प्रोफेसरनं सहा महिने घासून शिकवलेला तो उतार, आयुष्यात इतका नीट माझ्याकडून कधी आला नसेल. मग मराठीत सांगितलं. "तो मारला गेला असावा, असं सरकारनं कळवलं आहे."

"हाव," माळीण म्हणाली.

ते खाली गेलं. मी तिचं "हाव" इतक्या वेळा ऐकलं होतं, पण तळाला जाऊन बसलेलं ते एकच. ती रडली नाही. पदर तोंडाला लावून तशीच बसली. माझी बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिच्याजवळ टेकली. रडत होती ती माझी बायको.

मी उठलो. सुनेला काहीतरी म्हणायला हवं होतं म्हणून ओट्याच्या कडेला गेलो. ती माझ्याकडं बघत नव्हती, कागदाकडं बघत होती.

"हे दोन शब्द," ती म्हणाली, "तवाबी होते काय ह्याच्यावर? पह्यल्या दिवशी?"

हुंकारानं भागण्यासारखा प्रश्न नव्हता तो. वर टांगून ठेवता येईल असं उत्तरही नव्हतं.

"होते," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. बोटं मोडत काहीतरी मोजल्यासारखं केलं, आणि अर्ध्यातच सोडून दिलं. "मी सतरा वर्साची व्हती तवा," ती म्हणाली. मग माझ्या हातातला कागद काढून घेतला, घडी न घालताच सासूच्या चंचीत कोंबला, आणि सासूला हाताला धरून ओट्यावरून खाली उतरवलं.